विंडोज अपडेट अडकले? संगणक फॉरमॅट करायला देण्याआधी हे करून पाहा

नेहरू नगर (भोपाळ) : मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची सुरक्षा अपडेट्स सोडते. तिकडे तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा. त्यामुळे भोपाळ असो, बेळगाव असो की बऱ्हाणपूर, घरचा संगणक अडतो तो बहुतेक बुधवारी. गोल फिरणारे ठिपके आणि एकाच आकड्यावर थांबलेली टक्केवारी. नेहरू नगरसारख्या वसाहतीत घरचा संगणक म्हणजे पेन्शनची कागदपत्रे, आयकराची विवरणे आणि लग्नामुंजीचे फोटो. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला, तो फोनवरून किती सांगणार? मग सीपीयू उचलून दुकानात नेला जातो आणि तिथे एकच सल्ला मिळतो, फॉरमॅट मारा.

इथेच खरे नुकसान होते. फसलेले अपडेट सहसा आपल्या फाइल्सना हात लावत नाही, पण फॉरमॅट केले की त्या जातात. अपवाद एकदा घडला आहे. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटमध्ये काही जणांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइल्स गायब झाल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टला ते थांबवून नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून पुन्हा सोडावे लागले होते. म्हणून महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर हवीच.

आकडा थांबला म्हणून लगेच बटण दाबू नये. जुन्या हार्ड डिस्कवर मोठे अपडेट दोन-तीन तासही घेते. डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. अपडेट जमले नाही तर विंडोज स्वतःच केलेले बदल मागे घेते, तेव्हाही वीज जाता कामा नये. पावसाळ्यात डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर आहे ना, ते बघून घ्यावे. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात संगणक बंद होतो.

संगणक सुरू होतोय, पण अपडेट दर वेळी फसतेय, असे असेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटची हिस्टरी उघडावी. तिथे शून्य-एक्सने सुरू होणारा कोड असतो, तो कागदावर लिहून घ्यावा. शेवटी ८००७००७० असेल तर डिस्कवर जागा नाही. मोठ्या अपडेटसाठी २० जीबी तरी मोकळी ठेवलेली बरी. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्स काढाव्यात, मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. त्यावर टिक केली तर बँकेची उतरवून ठेवलेली स्टेटमेंट्सही जातील!

८००७३७१२ हा कोड विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स बिघडल्याचे सांगतो. आधी सेटिंग्जमधला विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवावा. फरक पडला नाही तर स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा. त्यात डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ ही आज्ञा द्यावी. हे सगळे इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे आणि प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक जागा सोडायची. मध्ये आकडा बराच वेळ हलत नाही, खिडकी बंद करू नये. ते संपले की एसएफसी /स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवावा, कारण दुसरी आज्ञा ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स घेते तो साठा पहिली दुरुस्त करते. नंतर संगणक रीस्टार्ट करून पुन्हा अपडेट लावावे. प्रिंटर, पेनड्राइव्ह त्या वेळी काढून ठेवावेत.

सगळे कोड आपल्या चुकीचे नसतात. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी आलेले एक अपडेट असंख्य संगणकांवर ८००७०६४३ दाखवून फसत राहिले. कारण एवढेच की डिस्कवरच्या रिकव्हरीच्या छोट्या भागात २५० एमबी मोकळी जागा नव्हती. बाकी संगणक ठणठणीत होता.

संगणक सुरूच होत नसेल तर सुरू होताना बटण दाबून धरून तीनदा बंद केल्यावर दुरुस्तीची निळी स्क्रीन येते. अडलेल्या संगणकावर बटण दाबायला हरकत नाही ती एवढ्याच वेळी. तिथे ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असे जाऊन शेवटचे क्वालिटी अपडेट काढता येते.

पण या वाटेवर एक कुलूप असू शकते. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि अपडेटनंतर संगणक अचानक बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर काही संगणकांवर असे झाले होते. ही की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, फोनवरून खाते उघडूनही दिसते. अडचण अशी की लॅपटॉप घेताना दुकानदाराने नाहीतर भाच्याने कुठल्या ईमेलवर खाते काढले, हेच घरात कोणाला माहीत नसते. की नसेल तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. संगणक चालू असतानाच आज ती की कागदावर उतरवून घरच्या फाइलीत लावावी.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ जाहीर झाली. २२एच२ आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू असेल, तर ती फुकट मिळण्याची सोय ठेवली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून जुना संगणक ते घेत नाही. तो बिघाड नव्हे.

आणि स्क्रीनवर फोन नंबर झळकला तर ते अपडेट नाही. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटीसंदेशात फोन नंबर कधीच नसतो. फोन करून कोणी रिमोटने संगणक हातात घेतला आणि पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक, सगळीकडे नंबर हाच.