मिसरोदचं कॉलेज

पुण्याला प्रवेश हुकला, म्हणून मिसरोदच्या एका लहानशा कॉलेजात गेले. लग्नकार्यात कॉलेजचं नाव सांगायला लाजच वाटायची. इतिहासाच्या वर्गात आम्ही जेमतेम पंधरा. एकदा मॅडमनी विचारलं, "पदवीवर ज्यांचं नाव येणार, ते बरकतउल्ला कोण?" सगळे गप्प! पंधरा जणांत लपणार कुठे? मलाच म्हणाल्या, "वाचून ये, उभं राहून सांग." सांगितलं: आपल्या भोपाळचे मौलाना, १९०९ मध्ये टोकियोत हिंदुस्थानीचे प्राध्यापक, १९१५ मध्ये काबूलच्या हंगामी भारत सरकारचे पंतप्रधान. १९७० च्या भोपाळ विद्यापीठाला १९८८ मध्ये त्यांचं नाव दिलं. पाय लटपटत होते, पण बोलले. मोठ्या कॉलेजात तीन वर्षं गप्पच बसले असते. यंदा पदवी मिळाली. आता कुणी विचारलं, की मिसरोदचं नाव आधी सांगते.