सॉक्रेटिसाचा खटला

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाकडे प्रथमच वळणाऱ्या विद्यार्थ्याने निरनिराळी मते पाठ करण्यापूर्वी एक खटला समजून घ्यावा. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्सच्या सुमारे ५०० न्यायपंचांपुढे ७० वर्षांचा सॉक्रेटीस उभा होता. नगराच्या देवतांना न मानणे व तरुणांना बिघडविणे, हे त्याच्यावरील आरोप. त्याने एकही ग्रंथ लिहिला नव्हता. न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय, असे तो भेटेल त्याला विचारी आणि उत्तरातील विसंगती उत्तर देणाऱ्याच्याच मुखाने उघड करी. प्रश्न विचारणे सोडण्याच्या अटीवर मिळणारी सुटका आपणास नको, असे त्याने पंचांना बजावले. केवळ ३० मते फिरती तर तो सुटला असता, असे त्याचा शिष्य प्लेटो नमूद करतो. बहुमताने त्याचा अपराध ठरविला. त्याच्या प्रश्नांना उत्तर मात्र मिळाले नाही. पुढे तुरुंगातून पळविण्याची तयारी मित्रांनी केली असताही नगराचा कायदा मोडण्याचे नाकारून त्याने विषाचा पेला घेतला. आज तयार उत्तरे क्षणात हाती येतात. अशा वेळी त्या उत्तरांतील शब्दांचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची सवय लावून घेणे, हाच विद्यार्थ्याचा पहिला धडा होय.