दोन हजारांची सुटका

रखमाबाईंचा खटला आपल्याला ठाऊक असतो तो बालविवाह आणि संमतिवय यांच्या वादामुळे. त्यातला रुपया-आण्यांचा हिशोब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. तो मांडल्यावाचून हा खटला नीट उमगत नाही, असे माझे मत आहे.

रखमाबाईंचे वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची वाट मोकळी करून दिली खरी. पण पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्कही त्याच हाताने काढून घेतला. जयंतीबाईंनी ती मिळकत मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी या मुलीचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी लागले. ती माहेरीच वाढली, शिकली, आणि नांदायला गेली नाही. मिळकतीपायीच तिला अडकवून ठेवले आहे, असे दादाजीच्या पक्षाचे म्हणणे पडले. मिळकत नसती तर हा दावा कोर्टाची पायरी चढला असता काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

दावा १८८४ साली मुंबई हायकोर्टात दाखल झाला. बायको नांदायला यावी असा दावा आपल्या धर्मशास्त्रातून आलेला नव्हे. तो विलायतेच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आला. आणि गंमत पाहा, असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात घालण्याची शिक्षा इंग्लंडने त्याच १८८४ साली काढून टाकली! इथे मात्र ती राहिली. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. जे नांदणे कधी सुरूच झाले नाही ते 'पुन्हा' सुरू कसे करवायचे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. अपिलात तो निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी हुकूम केला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला.

मग घटस्फोट का घेतला नाही? तो कायद्यात नव्हताच. पुष्कळ जातींत काडीमोडीची चाल होती. पण लग्न रद्द ठरवून बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आपण मानणार नाही, असे याच हायकोर्टाने १८७६ साली सांगून टाकले होते. राहिला पैशाचा मार्ग. खटल्याच्या खर्चासाठी रखमाबाईंच्या बाजूने समिती उभी राहिली, आणि १८८८ च्या जुलैत दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला. लग्न मात्र मोडले नाही. दादाजीला दुसरी बायको करण्याची मुभा होती, त्याने केली. रखमाबाईंना ती मुभा नव्हती.

पुढे कायदा सावकाश हलला. तुरुंगाची शिक्षा १९२३ साली गेली. मिळकतीवरची जप्ती उरली. म्हणजे रखमाबाईंसारखी बाई त्यानंतर तुरुंगाला मुकली असती, पण घरदारालाही मुकण्याची भीती होतीच. मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंना घटस्फोट दिला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर नेला. दाव्याचा खर्च, दावा चालू असतानाची पोटगी, कायमची पोटगी, लग्नात दोघांना मिळून आलेल्या चीजवस्तूंची वाटणी, हे सारे त्यात आले. पोटगी नवऱ्यालाही मागता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. परस्परसंमतीने फारकत १९७६ साली मिळाली. नांदवण्याच्या दाव्याचे नववे कलम मात्र त्याच कायद्यात आहे. तो हुकूम पाळला नाही एवढ्यावरून बायकोची पोटगी बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालीही सांगावे लागले.

रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेस इस्पितळ सांभाळू लागल्या. दादाजी १९०४ साली वारला. तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसले, असे सांगतात.