ढोलकी लागली की कविता बाटते काय?

मागच्या महिन्यात एका अनियतकालिकानं माझी कविता परत केली. शेरा होता : ‘ही कविता नाही, गाणं आहे.’ सुट्टीत कारंज्याला (आमचं घाडग्याचं कारंजा, लाडाचं नव्हे) गेलो तेव्हा मायला तो वाचून दाखवला. माय म्हणाली, ‘मंग वाईट काय लिवलं त्यानं?’ मायला अक्षर येत नाही. पण वामनदादांची गाणी रात्रभर म्हणंल एवढी तोंडपाठ. म्हणून हा इतिहास मांडतो.

वामन तबाजी कर्डक. जन्म 15 ऑगस्ट 1922, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. बाप लवकर गेला, पोटानं मुंबईला आणलं. गिरणीत खपले, कोळसा उपसला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं. शाळेचं नावच नाही. शिवडीच्या बीडीडी चाळीत कुणीतरी पत्र वाचायला पुढं केलं आणि वामनदादांना वाचता येईना. तरणाताठा माणूस, रडला. मग देहलवी मास्तरांनी बाराखडी गिरवून घेतली. पुढची शाळा म्हणजे दुकानांच्या पाट्या. चालता चालता एकेक जोडाक्षर फोडायचं. मी सातवीनंतर तिसऱ्या पाळीच्या जेवणसुट्टीत पुस्तकं वाचून शिकलो, मला या पाट्या कोणत्याही विद्यापीठाहून मोठ्या वाटतात.

पहिलं गाणं 1943 सालचं. तेही हिंदी सिनेमातल्या गाण्याचं विडंबन! आपले समीक्षक इथंच नाक मुरडतात. पण कारागिरी बघा. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली. ओळ आखूड. ध्रुपद फिरून फिरून येतं, दुसऱ्या फेरीला सगळी वस्ती कोरस धरते. सकाळी मजुरीला निघालेल्या बाईच्या तोंडी बाबासाहेबांचा विचार असतो, कागदाचा चिटोरा न लागता. स्वातंत्र्यातलं धन कुणाच्या घरात गेलं, हा सवाल त्यांनी भांडवलदारांची नावं घेऊन असाच विचारला. ‘वाटचाल’ हा संग्रह निघाला 1973 साली. तोवर तीस वर्षं गाणी तोंडातोंडीच जगली.

1968 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘द लास्ट पोएट्स’ ही काळी पोरं ढोलाच्या ठेक्यावर कविता बोलू लागली. 1970 साली गिल स्कॉट-हेरनची पहिली तबकडी आली, पुढं त्यानं जॅझ आणि सोलच्या सुरात कविता सांगितली. आपण 1972 साली पँथर हे नाव तिकडून घेतलं. त्यांचे दाखले आपण लेखात देतो. त्यांचा ढोल चालतो, आपली ढोलकी लागली की कविता बाटते?

1993 साली आमच्या वर्ध्याला आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वामनदादा. पाट्या वाचून शिकलेला माणूस साहित्यिकांच्या अध्यक्षपदी बसला, आणि तो आमच्या जिल्ह्यात बसला, हे मी गिरणीत ज्याला त्याला सांगत असतो.

15 मे 2004 रोजी ते नाशिकला गेले. तेव्हा मी पाळण्यात होतो. माय सांगते, त्या दिवशी अंगाई म्हणून तिनं त्यांचंच गाणं म्हटलं.

परत आलेल्या कवितेला मायनं चाल बसवली आहे. एक ओळ तेवढी लांब होत होती, ती तिच्या सांगण्यावरून छाटली.