बोल्शेविक म्हणजे बहुमतवाला

रशियन भाषेत ‘बोल्शे’ म्हणजे अधिक. त्यावरून ‘बोल्शेविक’, बहुमतवाला. हे नाव १९०३ सालच्या एका मतमोजणीतून आलं. रशियन सोशल डेमोक्रॅटिक मजूर पक्षाचं अधिवेशन ब्रसेल्समध्ये सुरू झालं आणि लंडनला हलवावं लागलं. पक्षाचा सभासद कोणाला म्हणायचं, या कलमावर लेनिन पक्षातल्याच मार्तोवकडून हरला होता. पुढे काही प्रतिनिधी रागावून उठून गेले आणि मुखपत्राच्या संपादक मंडळाच्या निवडीत लेनिनचं पारडं जड झालं. तेवढ्या बळावर त्याच्या गटाने बहुमताचं नाव लावलं. मार्तोवच्या गटाने ‘मेन्शेविक’, म्हणजे अल्पमतवाले, हे नाव चालवून घेतलं. ही त्यांची घोडचूकच म्हटली पाहिजे.

‘सोव्हिएत’चा मूळ अर्थ सल्ला, आणि सल्लामसलतीला बसलेलं मंडळही. १९०५च्या संपांत कामगारांनी प्रतिनिधी निवडून अशी मंडळं उभी केली. मार्च १९१७मध्ये झारने गादी सोडली (‘झार’ हा रोमच्या सीझरचाच अपभ्रंश), तेव्हा ही मंडळं पुन्हा उभी राहिली. एप्रिलमध्ये पेट्रोग्राडला परतलेल्या लेनिनने सगळी सत्ता सोव्हिएतांना द्या, अशी हाक दिली. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी सत्ता घेतली. ‘मंत्री’ या शब्दाला जुन्या राजवटीचा वास होता, म्हणून बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीने ‘लोककमिसार’ सुचवला आणि लेनिनला तो आवडला. कमिसार म्हणजे काम सोपवलेला माणूस.

काम सोपवलं कोणी, हा प्रश्न लगेचच उभा राहिला. त्याच महिन्यात नवी राज्यघटना ठरवणाऱ्या घटना समितीच्या निवडणुका झाल्या. बहुमतवाल्यांना जेमतेम पाव मतं पडली. शेतकऱ्यांनी समाजवादी क्रांतिकारक पक्षाला कौल दिला होता. जानेवारी १९१८मध्ये समिती एकदाच बसली. पहाटे पहारेकऱ्यांनी सभासदांना घरी जायला सांगितलं आणि ती बरखास्त झाली. सोव्हिएत हीच अधिक उच्च लोकशाही, असं लेनिनचं समर्थन होतं. मला ते पटत नाही, कारण पुढे सोव्हिएतांतूनही विरोधक हाकलले गेले.

मार्च १९२१मध्ये क्रोनश्टाट बंदरातल्या नौसैनिकांनी हाच शब्द परत मागितला: सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका, गुप्त मतदानाने. बोल्शेविकांच्या लाल सेनेने गोठलेल्या समुद्रावरून चाल करून ते बंड मोडलं. त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात लेनिनने पक्षांतर्गत गटांवर बंदीचा ठराव मंजूर करून घेतला. खुद्द बोल्शेविक १९०३ साली असाच एक गट म्हणून जन्मले होते.