दंड, ठिगळ आणि गोधडी

मंडळी, घरातली एखादी जुनी गोधडी उलगडून पाहा. तिच्यात लुगड्याचा काठ सापडेल, धोतराचा तुकडा सापडेल, बाळाच्या झबल्याची चिंधीही मिळेल. गोधडी हा त्या घरचा इतिहासच असतो.

आता तुम्ही म्हणाल, फाटक्या कपड्यांचा कसला आला इतिहास? तर ऐका.

‘चुल्लवग्ग’ या पाली ग्रंथात एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी आनंद या बौद्ध भिक्षूला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, इतक्या वस्त्रांचे हा करणार काय? आनंदाने सांगितले की, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी करू. चादरी जुन्या झाल्या की गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग फडकी. आणि फडकीही जीर्ण झाली की चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

एवढी काटकसर कशासाठी? कारण उघड आहे. सूत हाताने कातायचे आणि कापडाची वीतन् वीत हातमागावर विणायची, असा तो काळ. पुढे १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली, कापड स्वस्त होऊ लागले. पण मजुराच्या घरी नवे लुगडे ही सणासुदीचीच गोष्ट राहिली.

म्हणून आपल्या बायांनी ‘दंड घालण्याची’ युक्ती जपली. नऊवारी लुगडे काही सगळे एकदम फाटत नाही. बसण्याउठण्याने एक भाग आधी विरतो. तेवढा कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून शिवायचे, हा झाला दंड. लुगडे थोडे आखूड होई, पण वर्ष निभावून जाई. पुढे तेही जीर्ण झाले की त्यातून मुलीचे परकर-पोलके, बाळाची कुंची, दुपटे निघे. राहिलेल्या चिंध्या गोधडीच्या पोटात जात. आत चिंध्या, वर मऊ झालेले लुगडे आणि सगळ्यांना धरून ठेवणारा साधा धावदोरा!

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारला सूत व कापड यांच्या भावांवर नियंत्रण आणावे लागले. इंग्लंडात तर १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशनच होते. तिथल्या सरकारने जुन्यातून नवे कसे शिवावे याची पुस्तिकाही १९४३ साली काढली. आपल्याकडे ही विद्या आई लेकीला मांडीशी बसवून शिकवीत होती.

तरीही ठिगळाची लाज वाटते, खरं ना? संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्या जोडून शिवलेले वस्त्र अंगावर घालीत. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. त्याच बाबांच्या कीर्तनाला माणसांची रीघ लागे, आणि त्यांच्या हातून धर्मशाळा उभ्या राहिल्या. ठिगळाने माणूस लहान होत नाही. पण एक भेद ध्यानात असू द्या. बाबांनी ते वस्त्र आपणहून पत्करले. गरीब बाईवर दंडाचे लुगडे नेसण्याची वेळ आली. तेव्हा तिच्या हाताचे कौतुक करताना तिची ओढाताण विसरून चालणार नाही.

गुरुजी आणि बाई, तुम्हांला एक विनंती. सातबाऱ्यावर, दस्तऐवजांत या शिवणाऱ्या हातांची नावे क्वचितच सापडतात. मुलांना सांगा, घरच्या गोधडीपाशी आजीला बसवा आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारा: हे कुणाचे लुगडे, कोणत्या साली घेतले, गोधडी कुणी शिवली? ती सांगेल ते वहीत उतरून घ्या. गोधडी धुण्यात विरत जाईल. वहीतली नावे तेवढी राहतील.