प्रीबायोटिक

ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड यांनी 1995 साली एका शोधनिबंधात हा शब्द आहारशास्त्रात आणला. लॅटिन ‘प्री’ म्हणजे आधी, ग्रीक ‘बायोस’ म्हणजे जीवन. आपला ‘जीव’ आणि हा ‘बायोस’ एकाच प्राचीन मुळाचे. पृथ्वीवर जीवसृष्टी अवतरण्यापूर्वीच्या रसायनांनाही ‘प्रीबायोटिक’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. आहारातला अर्थ वेगळा: आपल्याला पचत नाही, पण आतड्यातल्या हितकर जीवाणूंना पोसते ते. प्रोबायोटिक म्हणजे खुद्द जिवंत जीवाणू. प्रीबायोटिक हा त्यांचा शिधा.

कांदा, लसूण, गहू यांत इन्युलिन असते. ते न पचता मोठ्या आतड्यात पोचते, जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार होते. या नावातले ‘ब्युटिरम’ म्हणजे लोणी. हे आम्ल प्रथम लोण्यातच सापडले. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन हेच. ते अस्तराची वीण घट्ट ठेवते, दाह भडकवणाऱ्या संदेशांना आवर घालते.

म्हणून प्रीबायोटिकला दाहावरचे औषध म्हणावे का? माझ्या मते नाही. क्रोहन हा आतड्याचा दाहक आजार बळावलेल्या 103 रुग्णांवरील चाचणीत रोज 15 ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड हे प्रीबायोटिक देऊनही लाभ दिसला नाही. तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सुजलेल्या आतड्यात जीवाणूंचा मेळच बिघडलेला असतो, शिवाय अशा पदार्थांनी पोट फुगते. निरोगी माणसाने कांदा-लसूण खुशाल खावा. आतड्याच्या दाहाचे निदान झालेल्यांनी मात्र डब्यावरचा ‘प्रीबायोटिक’ हा शब्द वाचून पूड सुरू करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.